तुम्ही विचारलंत म्हणून: पन्हाळ्याच्या कॅम्पला मी परत का गेले

मे महिन्याच्या रजेचा अर्ज दिला की वॉर्डात कुणीतरी विचारतंच, "काय ओ सिस्टर, वर्षभर नाइट काढता आणि हक्काची रजा चर्चच्या मंडळीतल्या पोरींच्या कॅम्पला घालवता? पैसे तरी देतात का?" देत नाहीत, मी मागतही नाही. रविवारी आमच्या देवळाबाहेर, म्हणजे चर्चबाहेर, सलाम झाल्यावर बायका आवाज उतरवून वेगळंच विचारतात. "तेवढं झाल्यावर परत कशा गेलात?" हा दुसरा प्रश्न मी तीन वर्षं टाळत आले.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. चाळीस मुली पाच दिवस घराबाहेर. कुणाची पाळी पहिल्यांदाच तिथं येते, कुणाच्या अंगावरून पांढरं जातं, कुणाला रात्रभर झोप नसते. हे चर्चच्या पाळकसाहेबांना सांगता येत नाही, आईला सांगायचं नसतं. माझ्या खोलीत पॅड असतात, ओआरएस, पॅरासिटामॉल, बीपीचं मशीन, रक्तातली साखर मोजायचा ग्लुकोमीटर. निम्म्या मुली गोळी मागायच्या निमित्तानं येतात आणि नुसत्या बसून जातात. मला त्यासाठीच जायचं असतं.

आता दुसरं.

तीन वर्षांपूर्वीच्या कॅम्पचा तिसरा दिवस उपास-प्रार्थनेचा होता, दुपारपर्यंत काही खायचं नाही. सकाळी साडेदहाच्या सुमारास दोघींनी एका पंधरा वर्षांच्या मुलीला धरून आणलं. चक्कर येतेय म्हणाल्या. मी तिला आडवं केलं, पाय उशीवर ठेवले. त्या सकाळी चक्कर येऊन आलेली ती चौथी मुलगी होती. पोटात काही नाही, वरून पाळी असेल, असं मी धरून चालले आणि दुसऱ्या मुलीच्या गुडघ्याला ड्रेसिंग करायला बसले. दहा मिनिटं गेली. वळून बघते तर तिचा कुडता पाठीला चिकटलेला, ओठ थरथरतायत, आणि ती मला "आत्या" म्हणून हाक मारतेय. बोटाला सुई टोचली. ग्लुकोमीटरवर ३८, म्हणजे साखर जिवावर बेतेल इतकी उतरलेली.

तेव्हा मी ओरडले, "डायबेटीस आहे का तुला? इन्सुलिन घेतलंस?" दार उघडं होतं, दारात पोरींची गर्दी. तिनं हो म्हणून मान हलवली. सगळ्यांनी ती बघितली.

स्वयंपाकघरातून कुणीतरी गुळाचा खडा घेऊन धावत आलं. मी म्हटलं, गूळ नको, साखरेचं पाणी करा, ते लवकर लागू पडतं. गिळता येत होतं तिला, म्हणून चमच्यानं पाजलं. पंधरा मिनिटांनी ६१. परत पाजलं, मग ९४. थोडा भात भरवला आणि जीपनं वाघबिळाच्या घाटानं खाली शहरात दवाखान्यात नेलं.

तिला टाइप वन होता. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, रोज टोचून घ्यावं लागतं. पहाटे न्हाणीघरात कडी लावून तिनं नेहमीचा डोस घेतला आणि सगळ्यांसारखा उपास धरला. आदल्या रात्री तिच्या हातात ओल्या रुमालात गुंडाळलेली पिशवी मी बघितली होती. पॅड असतील म्हणून विचारलं नाही. इन्सुलिन गार राहावं म्हणून होता तो रुमाल. कोण ओल्या रुमालात पॅड गुंडाळतं?

फॉर्मवर 'काही आजार?' यापुढं आईच्या सुवाच्य अक्षरात 'नाही' होतं. आई दवाखान्यात आली तेव्हा मी तो फॉर्म तिच्यासमोर धरला. ती माउली फॉर्मकडं बघितलीच नाही. म्हणाली, "पोरीचं लग्न व्हायचंय अजून. दार तरी लावायचं होतं, सिस्टर."

मला राग आला. जीव वाचवला आणि ही दाराचं बोलते! बरेच महिने मी हेच सगळ्यांना सांगितलं, की त्या घाईत दार कुणाला सुचतं, विचारणं भाग होतं. पण मी नर्स आहे, मला माहीत आहे. आकडा ३८ दिसल्यावर आधी साखरच द्यायची, कारण काहीही असो. इन्सुलिन कुठलं, किती वाजता घेतलं, हे लागतंच, कारण साखर परत उतरू शकते. पण ते पंधरा मिनिटांनी, गर्दी बाहेर काढून, कानाशी विचारता आलं असतं. तो प्रश्न मी तिच्यासाठी विचारला की दहा मिनिटं घालवल्याच्या भीतीनं, मला अजून सांगता येत नाही. आईनं लपवलं ही चूकच होती, आणि त्या दारात तिची भीती खरी ठरली. दोन्ही खरं आहे.

पुढच्या वर्षापासून पहिल्या रात्री मी प्रत्येकीला एकटीला बोलावते, दार लावून. उपासाच्या दिवशी पाळकसाहेब सांगतात, औषध चालू असेल तिनं उपास धरायचा नाही. पण मग जी खाते ती उठून दिसतेच. सगळ्यांनाच नाष्टा द्या म्हटलं तर कमिटीत वाद, मग उपास कसला? म्हणून त्या सकाळी माझ्या खोलीत पेज आणि सरबत झाकून ठेवते. माझ्याकडं येणारी कशाला आली, हे कुणी विचारत नाही. गेल्या वर्षी दोघी आल्या. एक पेज पिऊन गेली. दुसरी नुसतीच बसली.

ती मुलगी परत कॅम्पला आली नाही. आई देवळात दिसते, सलाम घेते, थांबत नाही. मी अजून माफी मागितलेली नाही. मागायची तर दाराबद्दल मागायची, फॉर्म समोर धरल्याबद्दल मागायची, की त्या दहा मिनिटांबद्दल, जी तिला माहीतच नाहीत?