शेवटच्या वर्षी सहाही पेपर भूगोलाचे

मुंबई विद्यापीठाच्या जुन्या अभ्यासक्रमात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षी एकाच विषयाचे सहा पेपर घेता येत असत आणि मी ते सहाही भूगोलाचे घेतले. आमच्या वर्गातील बऱ्याच जणांचा डोळा स्पर्धा परीक्षांवर होता आणि त्यात गैर काही नाही. मात्र नोट्स पाठ करून वर्ष निभावेल अशा समजुतीने आलेल्यांची गाठ पहिल्याच महिन्यात प्रात्यक्षिकांशी पडली. लेखी पेपर नेमाने वाचन केले की सुटतात, त्यांच्याविषयी वेगळे सांगण्यासारखे फारसे नाही.

प्रात्यक्षिकांची सुरुवात टोपोशीटपासून, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या सविस्तर नकाशापासून झाली. आपले शहर एका नकाशावर सहज मावेल असे मुंबईकराला वाटते. प्रत्यक्षात १९ अंश उत्तर अक्षवृत्त परळच्या आसपास शहराला छेदून जाते आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या जुन्या मालिकेत नेमके तेथेच शीट बदलते. उत्तरेकडचा भाग ४७ ए/१६ वर आणि दक्षिणेकडचा ४७ बी/१३ वर येतो. दोन शीटच्या कडा जुळवून ट्रेसिंग पेपरवर एकच किनारा काढणे हे जर्नलमधील सर्वांत कंटाळवाणे काम होते, पण नकाशा बारकाईने पाहण्याची सवय मला त्यानेच लावली.

प्रकल्पासाठी मी मिठी नदीचे पाणलोट क्षेत्र, म्हणजे जिथले पाणी वाहत या नदीला मिळते तो सारा भाग, निवडले. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याच्या पाण्यापासून सुरू होणारी ही नदी साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल आणि धारावीच्या कडेने माहीमच्या खाडीला मिळते. पाणलोटाची हद्द आखण्याची रीत सोपी आहे. समोच्च रेषेचे, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषेचे, टोक चढाकडे वळले की ती ओढ्याची घळ असते, उताराकडे वळले की डोंगराची सोंड. सोंडेसोंडेने पेन्सिल पुढे नेत गेले की जलविभाजक, म्हणजे पाणलोटाची हद्द, मिळतो. विहारच्या वरच्या डोंगरांत रेषा दाट असल्याने एका बैठकीत निम्मी हद्द आखून झाली. कुर्ल्याकडे आले आणि पेन्सिल थांबली, कारण या नकाशावर दोन समोच्च रेषांमधील अंतर २० मीटरचे असते आणि तिथली जमीन पहिल्या रेषेच्याही खाली आहे. कागदावर उतारच नव्हता.

मग संगणकाकडे वळले. क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उंचीची उपग्रहीय माहिती टाकली की प्रवाहमार्ग आपोआप आखले जातात. मी वापरलेली माहिती फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने घेतलेली होती. असे रडार दाट वस्तीत जमिनीपेक्षा छपरांचीच उंची अधिक नोंदवते, त्यामुळे माझ्या पडद्यावरची मिठी इमारतींना वळसे घालत भलत्याच गल्लीत शिरली. मार्गदर्शक मॅडमनी ते पाहून एवढेच विचारले, ‘‘तिथे गेली आहेस का?’’

त्यानंतरची पाहणी पायी झाली. कुर्ल्यात नाला कोणत्या बाजूला वाहतो हे पुस्तकापेक्षा नाल्याकाठच्या दुकानदारांना अधिक नेमके ठाऊक असते. त्यांच्याकडूनच कळले की काही ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर घड्याळावर अवलंबून आहे, कारण भरतीच्या वेळी खाडीचे पाणी आत शिरते आणि ओहोटीला माघारी जाते. शेवटी नकाशावर सखल भागातील हद्द मी तुटक रेषेने दाखवली आणि तसे का केले याचे कारण अहवालात लिहिले. सलग रेषा अधिक देखणी दिसली असती, पण ती खरी नसती.

व्हायवामध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या तुटक रेषेवर अपेक्षेपेक्षा कमी वेळ घालवला आणि ते पावसाकडे वळले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्यात जेमतेम ७३. ‘‘मग मिठीच्या खोऱ्यात सरासरी किती पाऊस पडला?’’ असा त्यांचा प्रश्न होता. दोन्ही आकड्यांची बेरीज करून निम्मे केले तर ५०८ च्या आसपास उत्तर येते, मात्र कुलाबा या खोऱ्याच्या बाहेर आहे, तेव्हा तो आकडा येथे धरताच येत नाही, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी थिसेन बहुभुज, म्हणजे प्रत्येक पर्जन्यमापन केंद्राला त्याच्या सर्वांत जवळचा भाग वाटून देणारी आकृती, फळ्यावर काढून दाखवायला लावले. दोन केंद्रांना जोडणारी रेषा, तिचा लंबदुभाजक आणि त्याच्या कोणत्या बाजूला खोरे पडते, एवढे काढले तरी मुद्दा सिद्ध होतो.

आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी आली आहे आणि संशोधनासह ऑनर्स करायचे असल्यास पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण लागतात. त्या चौथ्या वर्षासाठी मुंबईतील नदी किंवा नाला निवडणाऱ्यांनी विषय जूनपूर्वी पक्का करावा आणि पहिली पाहणी ऐन पावसात, भरतीची वेळ पाहून करावी. प्रबंध लिहायला बसण्याच्या दिवसांत पावसाचे पाणी कुठून कसे वाहते हे जागेवर जाऊनही दिसत नाही.