रंधा मशीन सिंगल फेजवर: स्टार पॉइंट सोडवला, कटर फिरला

मशीन म्हणजे १२ इंची, बिडाचं जुनं सरफेस प्लेनर, बंद झालेल्या वखारीतून आणलेलं. मोटर २ एचपी, पाटीवर ४१५ व्होल्ट, ३.४ अँपिअर, १४२० आरपीएम, जोडणी स्टार, म्हणजे तिन्ही कॉइलचं एकेक टोक एका बिंदूत (स्टार पॉइंट) बांधलेलं. माझ्याकडे घरगुती २३० व्होल्टची सिंगल फेज लाईन.

थ्री फेज मशीन घरी चालवायचं म्हटलं की सगळे आधी ड्राइव्हची, म्हणजे मोटरचा वेग-वीज सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याची (व्हीएफडी), किंमत विचारतात. माझं म्हणणं, आधी मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडा. सिंगल फेजवर चालणारा साधा व्हीएफडी तीन फेज बनवून देतो खरा, पण २३० व्होल्टच्याच. स्टारच्या मोटरला तेवढं दिलं तर प्रत्येक कॉइलला जेमतेम १३३ व्होल्ट मिळतात आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) तिसऱ्या हिश्शावर येतो. मोटर रिकामी फिरेल, सागाची फळी लागली की बसेल. तीच मोटर डेल्टात, म्हणजे तिन्ही कॉइल एकापुढे एक त्रिकोणात जोडली की कॉइलला तिचे हक्काचे २३० मिळतात. कपॅसिटर लावून चालवायची असली तरी डेल्टा लागतोच, आणि ताकद साधारण दोनतृतीयांशच उरते. म्हणून तो मार्ग मी सोडला.

बॉक्समध्ये सहा वायरी असत्या तर पट्ट्या बदलून काम झालं असतं. इथे तीनच निघाल्या. म्हणजे स्टार पॉइंट आत, वाइंडिंगच्या दोऱ्यांखाली बांधलेला.

तो शोधणं हा या कामातला सगळ्यात सुंदर भाग. दोन्ही झाकणांवर पंचने खुणा केल्या, रोटर काढला. बाहेर येणाऱ्या तीन वायरींच्या बाजूच्या कॉइलच्या टोकांवर एक जाडसर स्लीव्ह दिसली. हीट गनने वार्निश नरम करून दोरा हलकेच कापला, तर आत तिन्ही टोकं एकत्र डाग दिलेली. ती सुटी केली, प्रत्येकीला लवचिक वायर डाग देऊन जोडली, फायबरग्लासची स्लीव्ह चढवली, पुन्हा दोरा बांधला, वार्निश लावलं आणि बल्बच्या उबेत सुकवलं. वाइंडिंगवाल्या काकांनी मेगरवर (इन्सुलेशन तपासणारं मीटर) ५०० व्होल्टला तपासून दिलं, रीडिंग उत्तम आलं. मोटर उघडलीच होती, म्हणून बेअरिंगही नवीन टाकल्या.

आता उलटसुलट टोकांची भीती. ती इथे नसते, कारण स्टारमध्ये एकत्र आलेली तिन्ही टोकं एकाच जातीची असतात. मल्टिमीटरने प्रत्येक कॉइलच्या दोन टोकांची जोडी ओळखायची (१ म्हणजे बाहेरचं टोक, २ म्हणजे स्टार पॉइंटचं) आणि ए१ ला सी२, बी१ ला ए२, सी१ ला बी२ जोडायचं. झाला डेल्टा.

ड्राइव्ह २.२ किलोवॅटचा घेतला, मोटरपेक्षा एक माप मोठा. बेस व्होल्टेज २३०, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, आणि करंट ५.९ अँपिअर, कारण डेल्टात ३.४ ला १.७३ ने गुणायचं. सुरुवात ८ सेकंदांत चढती ठेवली. वरची मर्यादा ५० वरच बांधली. कटर ब्लॉकच्या वेगाशी खेळ नको. ड्राइव्ह लाईनकडून मोटरपेक्षा बराच जास्त करंट ओढतो, त्यामुळे मेन बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वेगळी वायर आणि स्वतंत्र एमसीबी. अर्थिंग थेट मशीनच्या बॉडीला.

जुना स्टार्टर काढून टाकला. ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये स्विच ठेवून चालू मोटर तोडायची नसते, त्याने ड्राइव्ह जातो. चालू-बंदची बटणं ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला, आणि सेटिंग असं की लाईट जाऊन परत आली तरी बटण दाबल्याशिवाय मशीन सुरू होणार नाही. आपल्याकडे हे सेटिंग सगळ्यात महत्त्वाचं. कटरजवळ हात असताना लाईट आली तर काय होईल, विचार करा.

रिकाम्या मशीनला ३ अँपिअर, ६ इंची सागावर १ मिलिमीटरचा कट घेताना ४.६. मोटर हाताला कोमट लागते, आवाज गोल आहे.

राहिलेलं काम: ड्राइव्हला भुसा न शिरणारी पेटी, पण उष्णता बाहेर जाईल अशी. पंखा कुठे आणि गाळणी कोणती, यावर अनुभव असेल तर जरूर सांगा. आणि मशीन उघडायचं तर एमसीबी पाडून किमान दहा मिनिटं थांबा, ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी साठलेला असतो.