कचऱ्याच्या अर्जातला किलोचा रकाना

सुका कचरा न्यायला एका खासगी पुनर्वापर कंपनीची गाडी आता दर शनिवारी आमच्या अपार्टमेंटच्या दारात येते. कोल्हापुरात आमच्या नागाळा पार्कातल्या बऱ्याच जणांनी "कसं जमवलं?" विचारलं, म्हणून लिहितेय. आणि राग अजून उतरलेला नाही, म्हणूनही.

सभासदांना पटवणं सोपं गेलं. २०१९ च्या महापुरानंतर रस्त्यांवर पडलेले गाद्या-फर्निचरचे ढीग कोण विसरलंय? पार्किंगमध्ये पिंपं आली, कंपनीशी बोलणंही झालं. अडलं ते अर्जावर. कचरा कंपनी उचलणार, पण मंजुरी सरकारी टेबलावरून यायची. त्या अर्जात एक रकाना आहे: 'दैनंदिन सरासरी कचरा (किलो)'.

टेबलावरचे साहेब म्हणाले, "शंभरच्या खालीच लिहा ताई, नाहीतर बल्कमध्ये जाशीला." तेव्हाच्या, म्हणजे २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार रोज सरासरी १०० किलोंच्या वर कचरा करणारा 'बल्क' धरला जायचा, आणि अशांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा असायचा. ५,००० चौरस मीटरच्या वरच्या बंद संकुलांनाही तेच लागू होतं. आमचा प्लॉट त्याच्या निम्माही नाही, म्हणजे सगळं त्या किलोवरच.

इकडे कंपनीचा माणूस फोनवर उलटंच सांगतोय. "सुका जरा वाढवून लिहा ताई. गाडी भरली तरच परवडतंय." त्याचंही खोटं नव्हतं. त्याला पैसे मिळतात पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या आणि कॅन यांचे. अर्धी गाडी रिकामी नेऊन डिझेल कुठून सुटणार?

म्हणजे रकाना एक आणि आकडे दोन, आणि दोघांनाही खरं वजन नको! मी हट्टाला पेटले. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्या मामांकडून काटा आणला आणि आठवडाभर रोज सकाळी टिपर (महापालिकेची कचरागाडी) यायच्या आधी सगळा कचरा तोलला. रविवारी मटणाच्या हाडांनी आणि कणसांनी काटा शंभरच्या पार जायचा, एरवी खाली. सरासरी शंभरच्या आतच आली. वहीत तारखेवार मांडून घेऊन गेले.

तर साहेबांचा प्रश्न, "ओला निथळून मोजला का तसाच?" मी म्हटलं, टिपरमध्ये टाकताना निथळून टाकतात का? त्यावर, "बरं, पण हे वजन प्रमाणित कुणी केलंय?" प्रमाणित करणार कोण, तर आरोग्य निरीक्षक. ते फिरतीवर. ते भेटले तेव्हा साहेब मीटिंगला. मग कळलं की निरीक्षकांना सांगणारं पत्र आधी त्याच टेबलावरून निघायला हवं, आणि ते निघण्यासाठी अर्ज पूर्ण भरलेला हवा, म्हणजे तो रकानासुद्धा. त्या दिवशी जिना उतरताना मी कुणाशी एक शब्द बोलले नाही.

सुटलं ते आमच्या भागातल्या सफाई कामगारांच्या मुकादमांमुळे. त्यांनी निरीक्षकांना सकाळी टिपरसोबतच आमच्या दारात आणलं. दोन पोती काट्यावर चढली, वहीच्या पानावर सही-शिक्का पडला. पाच मिनिटांचं काम! तेव्हा तुम्हीही सुरुवात टेबलापासून करू नका. आधी मुकादमांना भेटा, आणि पहिल्याच दिवशी त्यांच्यासमोर वजन करा.

अर्ज दोन प्रतींत द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. कंपनीकडून त्यांच्या नोंदणीची झेरॉक्स आधीच मागून ठेवा, ती कुठे ना कुठे लागतेच.

कंपनी काय नेत नाही, तेही करारात लिहून घ्या. आमच्याकडे वेफर्सची चकचकीत पाकिटं पहिल्याच शनिवारी परत आली. प्लास्टिकला आत धातूचा थर असतो, तो वेगळा काढणं परवडत नाही, म्हणून त्याला भंगारातही भाव नाही. असा पुनर्वापर न होणारा पण चांगला जळणारा कचरा (किलोला १,५०० किलोकॅलरी किंवा जास्त) डेपोत पुरायचा नाही, इंधन म्हणून वापरायचा, असंही २०१६ च्या त्याच नियमांत होतं. सिमेंटच्या भट्ट्यांत तो चालतो. पण तिथवर न्यायचा कुणी? भाव असलेला माल कंपनीच्या गाडीत आणि बिनभावाचा टिपरमध्ये, ही वाटणी मला काही पटलेली नाही. पुढच्या करारात 'सगळा सुका न्यायचा' हे कलम घालायला लावणार आहे. बघू.

रद्दी मात्र आम्ही मामांनाच देतो. काटा त्यांनीच दिला होता, आणि कंपनी आली म्हणून त्यांचं गिऱ्हाईक तोडायचं का? कचरा वेचणाऱ्या मावशींनाही निवडायच्या कामाला घेतलंय. बाटल्यांतला फरक त्यांना कंपनीच्या पोरांपेक्षा जास्त कळतो.

हो, एक राहिलंच. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. सुटलेला तुकडा कुणीच वेचत नाही, तो सरळ ओल्यात जातो. आणि पिशवी विसळून वाळवा, नाहीतर शनिवारपर्यंत पार्किंगमध्ये उभं राहवत नाही.