मिटलेला शिंपला आणि स्नायूची काटकसर : फटमापनाची पुढची नोंद

नांदेडजवळ गोदावरीच्या पात्रात मासेमारांच्या जाळ्यात गाळासोबत वर आलेला लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस जातीचा शिंपला टाकीतील वाळूत आता नीट रुतून बसला आहे. त्याच्या एका पुटाच्या (म्हणजे कवचाच्या दोन झाकणांपैकी एकाच्या) कडेला चिकटवलेले लहान निओडायमियम चुंबक आणि दुसऱ्या पुटावर एपॉक्सीत बुडवून बसवलेला एसएस-४९ई हा चुंबकीय क्षेत्र मोजणारा हॉल सेन्सर यांच्याकडून दोन पुटांमधील फटीची नोंद अखंड मिळू लागली आहे. चुंबकाचे क्षेत्र अंतराच्या प्रमाणात सरळ घटत नसल्यामुळे सेन्सरचे आकडे जसेच्या तसे वापरता येत नाहीत. त्यासाठी ठरावीक जाडीच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या रिकाम्या शिंपल्याच्या पुटांत अडकवून मिलिमीटरचा तक्ता करून घेतला. हीच मांडणी करू पाहणाऱ्यांनी तारा अतिशय बारीक आणि सैल ठेवाव्यात, कारण जाड तारेचा ताण पुटावर आला की आलेख प्राण्याचा न राहता तारेचा होतो.

आलेखाचा आकार पाहण्यासारखा आहे. मांसल कडेला काडीचा स्पर्श होताच रेषा जवळजवळ उभी खाली येते, मग बराच काळ सपाट राहते आणि शेवटी सावकाश, कधी टप्प्याटप्प्याने, वर चढते. मिटणे, मिटून राहणे आणि उघडणे ही तीन वेगवेगळी कामे आहेत, आणि माझी सारी उत्सुकता मधल्या सपाट भागाबद्दल आहे.

शिंपल्याला पुटे उघडणारा स्नायूच नसतो. पाठीच्या बाजूला बिजागरीपाशी असलेला लवचीक बंध पुटांना सतत उघडण्याकडे ढकलत असतो, आणि त्याला विरोध करून पुटे ओढून धरण्याचे काम पुढचा व मागचा असे दोन ॲडक्टर स्नायू करतात. मेलेला शिंपला आ वासतो तो याच बंधामुळे. बंध ओला व शाबूत असलेल्या रिकाम्या शिंपल्याची कड स्प्रिंगकाट्याने ओढून मिटवली, तेव्हा काट्यावर स्पष्ट ओढ दिसली आणि हात सैल सोडताच पुटे पुन्हा उघडली. (बंध वाळला की तडकतो, म्हणून हा प्रयोग पाण्यातून काढल्याबरोबर करावा.) याचा अर्थ, आलेखातील सपाट रेषा ही विश्रांती नव्हे, त्या सगळ्या वेळात स्नायूवर ताण आहे.

आपल्या दंडाच्या पट्टकी (आडवे पट्टे दिसणाऱ्या) स्नायूला असा ताण धरायचा असेल तर जाड तंतूंतील मायोसिन या प्रथिनाची डोकी बारीक तंतूंतील ॲक्टिन या प्रथिनाला पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पकडतात, आणि प्रत्येक फेरीला पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा एक रेणू खर्ची पडतो. दाराला खांदा लावून उभे राहण्याचा हा प्रकार आहे. मृदुकाय प्राण्यांच्या काही अपट्टकी स्नायूंनी मात्र अडसर घालण्याची सोय केलेली आहे. या स्थितीला कॅच अवस्था म्हणतात. आकुंचन सुरू होताना पेशीतील कॅल्शियम वाढते आणि ते थेट मायोसिनला बांधले जाऊन ओढ निर्माण होते. पुढे कॅल्शियम पुन्हा विश्रांतीच्या पातळीजवळ उतरते, एटीपीचा खर्चही तसाच उतरतो, पण ताण टिकून राहतो.

हे सर्वाधिक तपासले गेले ते समुद्री मायटिलस शिंपल्याला खडकाशी बांधणारे धागे ओढून धरणाऱ्या स्नायूत. त्याच्या जाड तंतूंचा गाभा पॅरामायोसिन या प्रथिनाचा असतो, आणि आपल्या स्नायूतील जाड तंतू १.६ मायक्रॉन लांब असताना हे तंतू त्याच्या कित्येक पट लांब असतात. एकाच तंतूवर पुष्कळ डोकी एकाच वेळी ओढत असल्याने दर चौरस सेंटीमीटरला १० किलोपेक्षा अधिक भार पेलला जातो. अडसर काढण्याची रीत त्याहून रंजक आहे. बेट्टी ट्वारोग यांनी १९५४ मध्ये दाखवले की ॲसिटिलकोलीन या चेतासंदेशवाहक रसायनाने हा स्नायू आकुंचन पावतो आणि सेरोटोनिन या दुसऱ्या संदेशवाहकाने तो धरलेला ताण सोडतो. ट्विचिन नावाच्या महाकाय प्रथिनाची भूमिका १९९० च्या दशकाच्या अखेरीस उघड झाली : सेरोटोनिनमुळे पेशीत सायक्लिक एएमपी हा आतला संदेशवाहक रेणू वाढतो, त्यामुळे प्रोटीन कायनेज ए हे विकर ट्विचिनवर फॉस्फेट चढवते आणि पकड सुटते. हा फॉस्फेट उतरलेला असतो तोवर पकड कायम. पकड नेमकी अडकून बसलेल्या मायोसिनच्या डोक्यांची की ट्विचिनच तंतूंमध्ये पूल बांधते, यावर संशोधकांत मतभेद आहेत. मला दुसरी बाजू अधिक पटते, कारण ट्विचिन ॲक्टिन आणि मायोसिन या दोघांनाही चिकटू शकते.

मायटिलस आपल्या नदीत नाही, म्हणून त्याचे निष्कर्ष गोदावरीच्या शिंपल्यावर सरसकट लादणे योग्य नव्हे. तरीही एक दुवा जवळचा आहे. पचनसंस्थेवरील कामासाठी १९०४ चे नोबेल मिळवणारे इव्हान पावलोव्ह यांनी १८८५ मध्ये ॲनोडोंटा या गोड्या पाण्यातील शिंपल्याच्या ॲडक्टरला दोन प्रकारचे चेतातंतू असतात असे दाखवले, एक आकुंचनाचे आणि दुसरे शिथिल करणारे. आणि ॲनोडोंटा हा आपल्या लॅमेलिडेन्सच्याच युनिओनिडी कुळातील आहे. उघडण्यासाठीही चेतासंस्थेची आज्ञा लागते, हे लक्षात घेतले की सपाट रेषेनंतरची ती संथ चढण वेगळ्या नजरेने पाहावी लागते.

माझा सेन्सर फक्त फट मोजतो, खर्च मोजत नाही, त्यामुळे सपाट रेषा म्हणजे कॅच असा दावा मी करणार नाही. टाकीत सेरोटोनिन टाकून पाहण्याची सूचना एका मित्राने केली होती, पण शिंपल्यांमध्ये तेच रसायन अंडी व शुक्राणू सोडण्यासही प्रवृत्त करते, शिवाय हौसेसाठी प्राण्याला औषध देणे मला रुचत नाही. खर्चाचा अप्रत्यक्ष अंदाजही सोपा नाही : पुटे मिटली की पाण्याचा प्रवाह थांबतो आणि बंद भांड्यातील प्राणवायूची घट तशीही मंदावते, मग स्नायूची काटकसर त्यातून वेगळी कशी काढणार?

म्हणून पुढचा टप्पा तापमानाचा ठरवला आहे. मराठवाड्यात उन्हाळ्यात पात्र आटू लागले की उथळ डबक्यांतील पाणी चांगलेच तापते आणि चिखलात शिंपले घट्ट मिटून पडलेले आढळतात. टाकीचे पाणी खोलीच्या तापमानाबरोबर आपोआप बदलू द्यायचे, शेजारी जलरोधक तापमापक जोडायचा आणि मिटून राहण्याचा काळ व उघडण्याच्या चढणीचा उतार हे दोन्ही तापमानासमोर मांडायचे. भारनियमनात नोंद तुटू नये म्हणून सेन्सरचे आकडे टिपणाऱ्या अर्डुइनो या लहान संगणक-पाटीला वेगळी बॅटरी जोडून घेतली आहे.