चष्म्याच्या पावतीवरची एक ओळ

मी न्यूजर्सीत एडिसनला टॅक्स रिटर्न भरायचं काम करते. मार्च २०२५ मधला शनिवार, बाहेर माणसं बसलेली, आणि समोर एक पुण्याचं तरुण जोडपं. डिसेंबर २०२३ मध्ये लग्न झालेलं, दोघांची नोकरी वेगवेगळ्या कंपनीत, हेल्थ प्लॅन मात्र त्याच्या कंपनीचा, हाय डिडक्टिबलवाला, म्हणजे ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आधी स्वतःच्या खिशातून करायचा.

त्याच्या डब्ल्यू-टूवर, म्हणजे कंपनी देते त्या वर्षाच्या पगाराच्या तपशिलावर, कोड डब्ल्यूसमोर ८,३०० डॉलर दिसले, म्हणजे अशा प्लॅनसोबत मिळणाऱ्या करमुक्त आरोग्य बचत खात्यात, एचएसएत, २०२४ ची फॅमिली लिमिट पूर्ण भरलेली. मला खरंच कौतुक वाटलं, एवढ्या लहान वयात कोण एवढा विचार करतं.

रिटर्न संपत आलेलं, तेवढ्यात तिने पर्समधून पावत्यांचं पाकीट काढलं, ताई हे मेडिकलचे खर्च कुठे दाखवता येतील का म्हणून. पहिलीच पावती चष्म्याची, आणि खाली बारीक अक्षरात पेमेंट एफएसए कार्डने, म्हणजे मेडिकल खर्चासाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला ठेवायच्या ऑफिसच्या खात्यातून.

"हे कार्ड कोणाचं?"

"माझ्या ऑफिसचं. वर्षाला १,२०० टाकलेत, चष्मा, औषधं, डॉक्टर सगळं चालतं त्याच्यावर."

सगळं चालतं म्हटल्यावर माझा हात की-बोर्डवरच थांबला.

एचएसएत पैसे टाकायचे तर हाय डिडक्टिबल प्लॅन सोडून दुसरं कुठलंही असं कव्हर असून चालत नाही जे पहिल्या डॉलरपासून डॉक्टरचा खर्च देतं, आणि तिच्या साध्या, म्हणजे सगळे मेडिकल खर्च चालणाऱ्या, एफएसएतून नवऱ्याचाही खर्च निघू शकतो. त्याने त्यातून एक क्रोसिनसुद्धा घेतली नव्हती, पण आयआरएस (इथलं आयकर खातं) वापरलं का बघत नाही, वापरता आलं असतं का एवढंच बघतं. लग्नाआधी तिच्या एफएसएशी त्याचा काही संबंध नव्हता, लग्न झालं आणि जोडला गेला. म्हणजे २०२४ च्या बाराही महिन्यांत त्याची एचएसएची लिमिट शून्य.

तो म्हणाला, "पण ताई, मला कोणी विचारलंच नाही हो." खरं होतं ते. त्याच्या एचआरला तिच्या ऑफिसचं कसं कळणार, आणि हेल्थ एफएसएचा आकडा डब्ल्यू-टूवर यायलाच हवा असं नाही, त्यामुळे माझ्या सॉफ्टवेअरलाही कळत नाही. मला याचा फार राग येतो, फॉर्मवर नवरा-बायकोबद्दल एक प्रश्न घातला असता तर काय बिघडलं असतं?

पैसे तसेच राहिले असते तर ६ टक्के म्हणजे ४९८ डॉलर दंड, तोही दरवर्षी, पैसे आत आहेत तोवर. रिटर्नच्या मुदतीत व्याजासकट बाहेर काढले की दंड नाही, पण ८,३०० उत्पन्नात धरावे लागतात, त्यांच्या २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये १,८२६ डॉलर फेडरल टॅक्स. न्यूजर्सी राज्य एचएसएची करसवलत मानतच नाही, त्यामुळे राज्याचा टॅक्स आधीच कापला गेलेला.

"२०२५ साठी मी एफएसए घेतलंच नाहीये," ती घाईघाईने म्हणाली. मी विचारलं, गेल्या वर्षीचे काही उरले होते का? तिने फोनवर ॲप उघडून माझ्याकडे वळवलं. कॅरीओव्हर, १८० डॉलर. आपोआप पुढे आलेले, त्याच साध्या एफएसएत. आत्ता ते खर्च केले तरी उपयोग नाही, त्या १८० डॉलरपायी त्याचं २०२५ सालही गेलं. तिचे डोळे भरून आले. म्हटलं अगं तुझी काही चूक नाही, पाणी पी आधी.

मग त्याने तिथूनच एचएसएवाल्यांना फोन लावला, होल्डवर चाळीस मिनिटं. जास्तीची रक्कम काढायचा फॉर्म वेगळा असतो, साधं विड्रॉल टाकलं तर घोळ होतो, म्हणून मी शेजारी बसून प्रत्येक रकाना वाचला. बाहेरचे लोक थांबले, थांबू देत. २०२५ ची एचएसएसाठी पगारातून होणारी कपातही त्याच आठवड्यात बंद करायला लावलं.

नोव्हेंबरात ओपन एन्रोलमेंटच्या, म्हणजे पुढच्या वर्षीचे प्लॅन निवडायच्या, दिवशी तिचा फोन. "ताई, १८० संपवलेत. इथे लिमिटेड पर्पज म्हणून ऑप्शन आहे, फक्त दात आणि डोळे. हे घेतलं तर त्याचं एचएसए चालेल ना?"

"चालेल. उरलेले पैसे पुढच्या वर्षी कुठल्या एफएसएत जातात तेवढं एचआरला लेखी विचार."

"विचारलंय," ती म्हणाली, "ईमेल तुम्हाला पाठवू?"