मोटारहोममधून स्कॉटलंडचा उत्तर किनारा: बडोदेकरांसाठी

नॉर्थ कोस्ट ५०० हा स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला वळसा घालणारा रस्ता इनव्हर्नेसला सुरू होतो आणि तिथेच संपतो. लांबी ५१६ मैल, म्हणजे सुमारे ८३० किलोमीटर. आपलं बडोदा-मुंबई जाऊन-येऊन होतं तेवढंच, असं म्हणत दादाने चार दिवसांचा बेत आखला होता. वहिनीने आणि मी तो मोडून काढला. उत्तर आणि पश्चिम किनाऱ्यावर बराच रस्ता एकपदरी आहे आणि मोटारहोम, म्हणजे आत राहायची-रांधायची सोय असलेली गाडी, काही इनोव्हा नव्हे. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर पुरे. हाताशी आठवडाही नसेल तर साधी कार घ्या आणि घरगुती लॉजमध्ये राहा, मोटारहोमच्या भानगडीत पडू नका.

मोसम म्हणाल तर मे. आपल्याकडे शाळांना सुट्टी असते, तिकडे मात्र शाळा जूनअखेरपर्यंत चालू, त्यामुळे गर्दी बेताची. रात्री दहापर्यंत उजेड असतो. मुख्य म्हणजे मिज नावाची चावरी चिलटं अजून पुरती जागी झालेली नसतात. जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी वारा पडला की दार उघडायची सोय नाही. डोक्यावरून घालायची जाळी इनव्हर्नेसला स्वस्तात मिळते, मेमध्येही घेऊन ठेवा.

भारतीय लायसन्सवर तिथे पहिले बारा महिने साडेतीन टनांपर्यंतची गाडी चालवता येते, आणि गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. तरी भाड्याने देणारे वयाची आणि अनुभवाची अट घालतात, आंतरराष्ट्रीय परमिटही मागू शकतात. बुकिंगआधीच विचारा. डिपॉझिट चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवतात, म्हणून निघण्याआधी कार्डावरचे परदेशी व्यवहार चालू करून घ्या. करारातली बारीक अक्षरं वाचायचा कंटाळा करू नका. छप्पर, टायर आणि आरसे अनेकदा विम्यात धरलेले नसतात, आणि अरुंद रस्त्यावर नेमके तेच घासतात.

गाडी जितकी लहान तितकी बरी. चौघांना सात मीटरची ऐसपैस मोटारहोम फोटोत छान दिसते, पण त्या रस्त्यांवर सहा मीटरच्या आतलीच सुखाची. उंची आणि रुंदी कागदावर लिहून काचेच्या आतून चिकटवा. समोर उंची-रुंदीच्या मर्यादेची पाटी आली की आठवत बसायला वेळ नसतो.

खाण्याचं सांगतो. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे तूप आणि पेढे घरीच. आईने डबा भरूनही ठेवला होता, तो निघताना काढून घेतल्यावर तिचा चेहरा पडला. थेपले, मेतकूट, बडोद्याचा लीलो चेवडो, भाजलेली मूगडाळ आणि गोडा मसाला घेतला. थेपल्यांच्या कणकेत दही नको, एवढं पाहा. दोन लिटरचा कुकर बॅगेत बसतो आणि सगळ्या सहलीत त्याच्याइतकी कामाची वस्तू दुसरी नव्हती. तांदूळ आणि कणीक इनव्हर्नेसच्या सुपरमार्केटात मिळते. थर्सोनंतर पश्चिम किनाऱ्यावर अलापूल सोडलं तर मोठं दुकान नाही. डिझेलचंही तसंच, अर्धी टाकी झाली की भरायची.

आम्ही आधी पूर्व किनारा धरला, तुम्हीही तसंच करा. ए नाइन हा रस्ता रुंद आहे, तिथे हात बसतो. बेरीडेलचा चढ-उतार पूर्वी भयंकर होता, २०२० मध्ये वळण सोपं केलं. जॉन ओ'ग्रोट्सला पाटीजवळ फोटो काढायला रांग लागते. खरं पाहण्यासारखं आहे ते जवळच डंकन्सबीला, समुद्रातून उभे राहिलेले खडकाचे सुळके. ब्रिटनच्या मुख्य भूमीचं उत्तर टोकही जॉन ओ'ग्रोट्स नव्हे, ते डनेट हेड. तिथल्या कड्यांवर पफिन पक्षी जुलैअखेरपर्यंत असतात.

थर्सो मागे पडलं की पुढे रस्ता आक्रसत जातो. एकपदरी रस्त्यावर ठरावीक अंतरावर पॅसिंग प्लेस, म्हणजे बाजू द्यायची जागा असते. नियम सोपा आहे: जागा डावीकडे असेल तर आत शिरून थांबा, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबा, समोरचा त्या जागेत वळून तुम्हाला पार करतो. लॉक एरिबॉलच्या काठाने जाताना समोरून मोठी लॉरी आली. जागा होती उजवीकडे, आणि दादाचं स्टेअरिंग तिकडेच वळू लागलं. "अहो, इकडेच थांबा!" वहिनी ओरडली. लॉरी शांतपणे त्या खाचेत शिरून गेली आणि चालकाने स्टेअरिंगवरचं एक बोट उचललं. तिथला नमस्कार तेवढाच, तुम्हीही करा. मागे गाडी लागली तर तिलाही बाजू द्या, आणि त्या जागेत फोटोसाठी किंवा रात्री गाडी लावू नका.

डर्नेसला दोन रात्री राहाच. गाडी लावून राहायचा तळ (कॅम्पसाइट) कड्याच्या माथ्यावर, खाली पांढरी वाळू, आणि वाऱ्यामुळे चिलटं नाहीत. स्मू गुहेत आत धबधबा पडतो. पुढे पश्चिमेला आपलक्रॉसचा बेआलाख ना बा हा घाट ६२६ मीटरपर्यंत चढतो. तिथे मोटारहोम नेऊ नका, फार मोठ्या गाड्यांनी जाऊ नये असं पाटीच सांगते. जायचंच असेल तर शील्डेगकडून किनाऱ्याचा रस्ता घ्या, तोही अरुंद आहे.

स्कॉटलंडमध्ये कुठेही मुक्काम करता येतो, हे अर्धसत्य आहे. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याचा हक्क पायी फिरून तंबू लावणाऱ्याला आहे, गाडीला नाही. म्हणून तळ आधी ठरवा आणि प्रेक्षणीय स्थळं त्याभोवती बसवा. मेसाठीही दोन-तीन महिने आधी नोंदणी केलेली बरी.

तळावर निळ्या प्लगची वीज मिळते, बहुधा दहा किंवा सोळा अँपियर. दहा अँपियर म्हणजे २३०० वॅट. घरगुती किटली एकटीच ३००० वॅट घेते आणि सगळं बंद पाडते. कमी वॅटची किटली आणा किंवा गॅसवर चहा करा. गुंडाळीची वायर पूर्ण उलगडा, नाही तर ती तापते.

आणि संडासाची पेटी. हे कुणी बोलत नाही म्हणून सविस्तर. गाडीच्या बाहेरून छोटं दार उघडून ती ओढून काढायची, ठरवून दिलेल्या जागीच रिकामी करायची. ओतताना हवेचं बटण दाबून धरा, नाही तर गटगट उसळून शिंतोडे उडतात. "भाऊजी, आज तुमची पाळी," असं वहिनी रोज सकाळी चहाआधीच सांगायची. दिवा लाल व्हायची वाट न पाहता रोज रिकामी करा, जड होत नाही.

शेवटची रात्र इनव्हर्नेसजवळच घ्या. गाडी परत देताना डिझेल भरलेलं, सांडपाण्याची टाकी आणि ती पेटी रिकामी लागते, नाही तर वेगळे पैसे कापतात. ताब्यात घेताना केलेला व्हिडिओ फोनमध्ये हाताशी असू द्या, छपराच्या कडांसकट.