संख्या जुळली, पुस्तकं नाही

कुठल्याही ग्रंथालयात गेले की मला आधी त्यांची दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदवतात ती, बघावीशी वाटते. इमारत, कपाटं, संगमरवर वगैरे नंतर. सातारा जिल्ह्यातल्या एका 'ब' वर्ग वाचनालयात नोकरीची सगळी वर्षं गेल्यावर माणसाला हे असलंच काहीतरी होतं. त्यामुळे लेकीकडे झुरिकला आल्यावर जावयांनी ट्रेनने तासाभरावरच्या सांक्ट गालेनला नेलं, तेव्हा तिथल्या बेनेडिक्टाइन मठाच्या ग्रंथालयात सगळे छताकडे बघत होते आणि मी यादी शोधत होते.

छत सुंदर आहे, नाही म्हणत नाही. अठराव्या शतकातलं दालन, वळणदार लाकडी गॅलऱ्या, खालची लाकडी जमीन इतकी जपलेली की बुटांवरून लोकरी सपाता चढवून फरफटत चालायचं. दारावर ग्रीकमध्ये 'आत्म्याचा दवाखाना' असं लिहिलंय, त्याचा फोटो सगळेच काढतात. एका टोकाला इजिप्तची ममीही आहे. ती तिथे का असावी हे मला पटलं नाही, आणि तिला मायदेशी परत पाठवा म्हणणारे त्या गावातच आहेत, हे ऐकून बरं वाटलं.

मठाची गोष्ट थोडक्यात अशी. इ.स. ६१२ च्या सुमारास गालुस नावाचा साधू इथल्या रानात कुटी बांधून राहिला. तो आयर्लंडहून आलेल्या कोलंबानुसच्या मेळ्यातला. ७१९ मध्ये ओटमारने तिथे रीतसर मठ उभा केला आणि ७४७ पासून मठाने संत बेनेडिक्टचे नियम स्वीकारले. हे नियम सहाव्या शतकातले, इटलीतले. त्यांची सर्वांत विश्वसनीय मानली जाणारी नक्कल याच ग्रंथालयात आहे, नवव्या शतकाच्या सुरुवातीची.

त्या नियमांतला अठ्ठेचाळिसावा अध्याय मला पाठ करावासा वाटला. ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत प्रत्येक मठवासीयाला ग्रंथालयातून एकेक पुस्तक द्यायचं आणि त्याने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, सलग वाचायचं. शिवाय वाचनाच्या वेळी कोणी गप्पा मारत किंवा आळसावत बसलंय का, हे बघायला एकदोन ज्येष्ठांनी मठभर फिरायचं! तेहतिसाव्या अध्यायात आणखी कडक : पुस्तक, पाटी, लेखणी, काहीही कुणाच्या मालकीचं नाही. देवघेव विभागात बसलेल्या माणसाला यातली गोडी कळेल.

आणि यादी सापडली. म्हणजे काचेत नाही, घरी लेकीच्या लॅपटॉपवर. मठाची हस्तलिखितं आता पानन् पान इंटरनेटवर बघता येतात. क्रमांक ७२८ चं हस्तलिखित म्हणजे नवव्या शतकातली ग्रंथालयाची यादी. आयरिश वळणाने लिहिलेल्या पुस्तकांची वेगळी यादी, मग बायबलचे भाग, मग एकेक ग्रंथकार. लॅटिन मला येत नाही, लेकीने शोधून शोधून सांगितलं. पण खरी मजा नंतर कुणीतरी घातलेल्या शेऱ्यांत आहे. एका पुस्तकापुढे 'सगळं खोटं आणि निरुपयोगी'. एकापुढे 'वाचता येत नाही'. काहींपुढे 'शाळेकडे'. काहींपुढे पुस्तक कोणाकडे गेलंय त्याचं नाव, आणि त्यात राजघराण्यातली माणसंही आहेत. अकराशे वर्षांपूर्वीच्या त्या अनाम सहकाऱ्याला मी मनोमन नमस्कार केला. राजाकडे पुस्तक मागायला कोण जाणार, पण नोंद तर हवीच.

मग ९२६ साल. मग्यार, म्हणजे हंगेरीकडचे, घोडेस्वार लुटायला येताहेत अशी कुणकुण लागली. गावातल्या चर्चला लागून एका कोठडीत विबोराडा नावाची बाई स्वतःला भिंतीआड बंद करून तप करत होती. तिने मठाधिपतींना निरोप दिला की आधी पुस्तकं हलवा, मग चांदीसोनं. पुस्तकं कॉन्स्टन्स सरोवरातल्या रायखेनाउ बेटावरच्या मठात गेली. मठवासी जंगलातल्या गढीत गेले. ती मात्र कोठडी सोडून बाहेर आली नाही, हल्लेखोरांनी छप्पर फोडून तिला मारलं. १०४७ मध्ये पोपने तिला संतपद दिलं, आणि रोमकडून असं रीतसर संतपद मिळालेली ती पहिली स्त्री मानली जाते. चित्रांत तिच्या एका हातात पुस्तक असतं, दुसऱ्या हातात कुऱ्हाडीसारखं शस्त्र. ग्रंथपालांची ती संरक्षक संत आहे हे मला निवृत्तीनंतर कळावं, याला काय म्हणावं!

पण या प्रसंगातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच. सुमारे शंभर वर्षांनी एकेहार्ट या मठवासीयाने मठाचा इतिहास लिहिला. संकट टळल्यावर रायखेनाउहून पुस्तकं परत आली, त्याबद्दल तो लिहितो की संख्या बरोबर भरली, पण पुस्तकं तीच नव्हती. शेजारच्या मठाने आपली जुनीपुराणी घुसवून चांगली ठेवून घेतली असा त्याचा रोख दिसतो. दरवर्षी पुस्तक पडताळणीला नुसते आकडे जुळवून सही ठोकणाऱ्यांना हे वाक्य फ्रेम करून द्यावं.

रायखेनाउवर फार रागावताही येत नाही म्हणा. मठाचा तो प्रसिद्ध नकाशाही तिथूनच आलेला. साधारण ८२० ते ८३० च्या दरम्यान मठाधिपती गोत्सबेर्टसाठी काढलेला, चामड्याचे पाच तुकडे शिवून केलेला, जेमतेम ११२ बाय ७७ सेंटिमीटरचा. त्यावर आदर्श मठाच्या चाळीसेक इमारती लाल रेघांनी आखल्या आहेत. चर्च, दवाखाना, बेकरी, बिअर गाळायची घरं, शौचकूप, कोंबड्यांची खुराडी आणि कोंबड्या राखणाऱ्याची खोलीसुद्धा. औषधी बागेच्या वाफ्यांवर नावं घातली आहेत. मेथी, जिरं, बडीशेप, पुदिना. चर्चला लागून एक दुमजली खोली : खाली खिडक्यांशी लिहिणाऱ्यांच्या बैठका, वर ग्रंथालय. म्हणजे नक्कल पुरी झाली की जिना चढायचा आणि दाखल करायची.

असा मठ तिथे कधी बांधला गेला नाही. नकाशा टिकला तो मात्र अगदी आपल्या सरकारी कचेरीत टिकावा तसा. बाराव्या शतकात कुणालातरी संत मार्टिनचं चरित्र लिहायला चामडं हवं होतं. त्याने नकाशाच्या पाठीवर लिहिलं, जागा संपली तेव्हा पुढच्या बाजूच्या कोपऱ्यातली एक इमारत खरवडून तिथे उरलेला मजकूर घातला, घडी घातली आणि पुस्तक म्हणून कपाटात ठेवून दिलं. चरित्र म्हणून तो शतकानुशतकं सुखरूप राहिला.

पुढे मठाची रया गेली. १४१६ मध्ये पोज्जो ब्राच्चोलिनी हा पोपच्या दरबारचा लेखनिक जवळच्या कॉन्स्टन्सच्या धर्मसभेला आला असताना इथे पुस्तकं धुंडाळायला आला. क्विंटिलियन या प्राचीन रोमन शिक्षकाचा वक्तृत्वावरचा संपूर्ण ग्रंथ त्याला एका बुरुजाच्या तळाशी, अंधारात, धुळीत सापडला. कैद्यांनाही ठेवू नये अशी जागा, असं त्याने मित्राला कळवलं. शेरा झोंबणारा आहे, पण पाहुण्यांना सगळ्यांत आधी धूळच दिसते. त्याच ग्रंथालयात नवव्या शतकातलं एक लॅटिन व्याकरणही आहे. त्याच्या समासांत आयरिश नकलाकारांनी शाई वाईट असल्याची तक्रार केलीय. एकाने बहुधा आदल्या रात्रीच्या दारूने डोकं धरल्याचं नोंदवलंय, तेही ओघम या नुसत्या रेघांच्या, गुप्त वाटावं अशा जुन्या आयरिश लिपीत. आणि एका कवितेत आज वारा सुटलाय, समुद्र खवळलाय, म्हणजे व्हायकिंग यायची भीती नाही, असा सुटकेचा निःश्वास आहे.

१७१२ च्या युद्धात झुरिक आणि बर्नच्या फौजांनी मठ लुटला, पुस्तकंही नेली. बरीचशी परत आली, सगळी नाही. १८०५ मध्ये नव्या कँटनच्या, म्हणजे स्विस घटक राज्याच्या, सरकारने मठच बरखास्त केला. शेवटचे मठाधिपती पांक्राट्स फोर्स्टर १८२९ मध्ये मुरी या गावी परागंदा अवस्थेत वारले. चर्च बिशपचं झालं, मठवासी गेले, पुस्तकं कॅथलिक समाजाच्या संस्थेकडे राहिली. आज सुमारे २,१०० हस्तलिखितं आहेत. १९८३ पासून सगळा परिसर जागतिक वारसा आहे.

झुरिकने ठेवून घेतलेल्या वस्तूंचा वाद मात्र २००६ पर्यंत चालला. त्यात दोन मीटरहून उंच असा सोळाव्या शतकातला पृथ्वीचा आणि आकाशाचा एकत्र गोल होता. शेवटी स्विस केंद्र सरकारच्या मध्यस्थीने तोडगा निघाला. मूळ गोल झुरिकच्या संग्रहालयात राहील, सांक्ट गालेनला हुबेहूब प्रतिकृती झुरिकने करून द्यायची, आणि काही हस्तलिखितं सांक्ट गालेनला परत, पण मालकी झुरिकची, हातात दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर. आपलीच पुस्तकं सभासद होऊन घरी आणायची! जावई झुरिककर, त्यांना तोडगा अगदी न्याय्य वाटतो. आम्ही परतीच्या ट्रेनमध्ये विंटरटूरपर्यंत यावर वाद घातला, पुढच्या रविवारी मूळ गोल बघायला जायचं ठरलंय, आणि तिथे तोंड बंद ठेवायचं असं लेकीने मला बजावलंय.